गवताची काडी आणि माणसाचा हक्क

हक्क हा शब्द आता आपल्या गावात नवा राहिलेला नाही. सातबाऱ्यावर हक्क असतो, विहिरीच्या पाण्यात हक्क असतो, मत देण्याचा हक्क असतो. ग्रामसभेत दोन माणसे भांडली तरी "हा आमचा हक्क आहे" हे वाक्य चार वेळा कानावर येते. पण हा हक्क मुळात येतो कोठून, असे कोणी विचारले तर आपण क्षणभर थबकतो. कोणी म्हणेल, सरकारने दिला. कोणी म्हणेल, कायद्यात लिहिला आहे. एखादा म्हातारा माणूस म्हणेल, अरे, माणूस म्हणून जन्माला आलो, तेव्हाच तो बरोबर आला.

वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटतो. तसा तो नाही. हक्क सरकारने दिला असेल, तर ज्याने दिला तो उद्या काढूनही घेईल, आणि मग आपण तक्रार कोणत्या तोंडाने करायची? उलट हक्क जन्माचा असेल, तर सरकारचे काम तो देण्याचे नसून राखण्याचे ठरते. म्हणजे एका बाजूला दाता आणि याचक, आणि दुसऱ्या बाजूला मालक आणि राखणदार. दोहोंत केवढे अंतर आहे ते पाहा. आज आपण हा प्रश्न आपल्या वाशीमच्या मातीतूनच उलगडून पाहू.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. सुमारे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्या हरिषेण राजाच्या प्रधानाचा, वराहदेवाचा, लेख आहे, तो हरिषेण याच शाखेतला. या शाखेचा उलगडा नीट झाला तो वाशीमलाच सापडलेल्या एका ताम्रपटामुळे. तो १९३९ साली अभ्यासकांपुढे आला. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. विंध्यशक्ती दुसरा या राजाने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून एक गाव ब्राह्मणांना दान दिले, त्याचे हे दानपत्र. वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मुख्य मजकूर प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. दान दिलेल्या या गावाला कोणकोणत्या गोष्टींतून सूट आहे, याची यादी त्या पत्र्यावर कोरली आहे. या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. गावाने मिठाबद्दल काही देणे लागू नये. फुले आणि दूध द्यावे लागू नये. बैल पुरवावे लागू नयेत. येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी गवत, कातडी आणि कोळसा द्यावा लागू नये. अशी ती यादी आहे.

ही यादी उलटी वाचून पाहा, म्हणजे त्या काळच्या गावाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. एका गावाला गवत माफ झाले, याचा अर्थ बाकीच्या गावांना ते द्यावे लागत होते. एका गावात शिपाई शिरणार नव्हता, याचा अर्थ बाकीच्या गावांत तो बिनदिक्कत शिरत होता. आणि ज्यांना सूट मिळाली त्यांची तरी ती कायमची होती काय? दानपत्रे चंद्रसूर्य असेतोवर म्हणतात खरी. पण वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा जो ताम्रपट अचलपूरजवळ चम्मक येथे सापडला, त्यात राजाने अटी घातल्या आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

राजा वाईट होता असे मला म्हणायचे नाही. आपणही काही अटींनी बांधले जावे, परत घेण्यालाही कारण असावे, एवढी जाण त्या काळी होती, हे लहानसहान नव्हे. पण मुळात ती राजाची कृपा होती. ताम्रपट मिळाला त्याला सूट, आणि ज्याच्या घरात ताम्रपट नाही त्याने गवताचा भारा डोक्यावर घ्यायचा. याला दानाचा हक्क म्हणतात.

शतके लोटली, राज्ये आली आणि गेली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले आणि १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले. त्या काळी वाशीम हा एक स्वतंत्र जिल्हा होता. वाशीम, मंगरूळ आणि पुसद असे त्याचे तीन तालुके होते. १९०५ साली तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले आणि पुसद यवतमाळला. आजचा वाशीम जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पुसद मात्र यवतमाळकडेच राहिले. हे पुसद ध्यानात ठेवा, कारण आपली गोष्ट पुन्हा तेथे जाणार आहे.

इंग्रजांच्या काळात गवताची गोष्ट उलटी झाली. वाकाटकांच्या काळी गावाने गवत द्यावे लागे. आता गावाने गवत घ्यायचे नाही, असा हुकूम निघाला. रेल्वेला सागाचे स्लीपर हवे होते, इंजिनाला जळण हवे होते. १८७८ साली हिंदुस्थानच्या जंगलांचा मोठा कायदा झाला, आणि वऱ्हाडातही जंगले राखीव म्हणून आखली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जेथे गुरे चरत, जेथून जळणाची मोळी येई, पळसाची पाने येत, तेथे सीमेचे दगड उभे राहिले आणि नाकेदार फिरू लागला. गुरे आत गेली की कोंडवाडा, विळा चालवला की दंड.

यामागे जो विचार होता तो समजून घेण्यासारखा आहे. बेडन-पॉवेल नावाचा एक इंग्रज अधिकारी जंगलाच्या कायद्याचा मोठा जाणकार मानला जाई. त्याचे म्हणणे असे, की गावकरी जंगलातून लाकूड-गवत आणतात हा त्यांचा हक्क नव्हे, ती नुसती सवलत आहे. सरकारने लेखी दिला असेल तोच हक्क. लेख नसेल तर जंगल सरकारचे. मद्रास इलाख्यातल्या काही इंग्रज अधिकाऱ्यांनीच याला विरोध केला होता. लोकांची वहिवाट शेकडो वर्षांची आहे, ती कागदावर नाही म्हणून नाहीशी कशी होईल, असे त्यांनी विचारले. पण चालले ते पहिल्याचेच.

हक्क आणि सवलत, हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. शेकडो वर्षे लोटली तरी सत्तेचा युक्तिवाद तोच राहिला. पत्रा दाखवा, कागद दाखवा, मग हक्काचे बोला.

याला उत्तर देणारा आवाज आपल्याच महाराष्ट्रातून उठला. १८४७ साली पुण्यात एका विशीच्या तरुणाने थॉमस पेन या लेखकाचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. हा पेन जन्माने इंग्रज. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी त्याने लेखणी झिजवली आणि फ्रान्सच्या क्रांतीच्या बाजूने १७९१ साली हे पुस्तक लिहिले. माणसाचे हक्क राजाच्या सनदेतून येत नाहीत, ते माणसाबरोबर जन्मतात, सनद उलट बाकीच्यांचे हक्क काढून थोड्यांच्या हाती देते, असा त्याचा सारांश. आपल्या ताम्रपटाची उलटी वाचलेली यादी आठवा, म्हणजे पेन काय म्हणतो ते चटकन कळेल. तो पुण्याचा तरुण म्हणजे महात्मा जोतीराव फुले. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच हक्क देऊन निर्माण केले आहे, हा विचार त्यांनी जन्मभर सांगितला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकाचा तो पायाच आहे. आणि १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जोतीरावांनी जंगल खात्याचीही झडती घेतली. डोंगर-टेकड्या, गायराने या खात्याने गिळली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मोठ्या तत्त्वाची कसोटी शेळीच्या चाऱ्यावर लागते, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

आता पुसदला जाऊ. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यात दहिहांड्याला खाऱ्या विहिरी आहेत. त्यांचे पाणी आटवून लोकांनी मीठ केले. तरी सगळ्या वऱ्हाडाला विहिरींवर किती दिवस पुरणार? मग पुढाऱ्यांच्या मनात आले, की आपल्याकडे मिठासारखीच घरोघरची गोष्ट कोणती? उत्तर दाराशीच होते. गवत! पाऊस पडला होता, डोंगर हिरवे झाले होते, आणि त्या गवताला हात लावायला सरकारी परवाना लागत होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलात जाऊन परवान्यावाचून गवत कापले. अण्यांना अटक झाली. पण मुठीतले ते गवत वऱ्हाडभर पोहोचले. ठिकठिकाणी लोक विळे घेऊन निघाले. मध्यप्रांतातल्या आदिवासींनीही हाच मार्ग धरला. तिकडे कोकणात, चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसे मेली.

बापूजी अणे स्वतः वकील होते. कायदा मोडतो आहोत हे त्यांना पक्के माहीत होते. कायद्याच्या मागे आणखी एक कायदा असतो, आणि सरकारचा कायदा त्याच्याशी जुळला नाही तर तो मोडून शिक्षा भोगणे हे लबाडीचे काम नव्हे, अशीच ही कृती होती. पळून न जाता शिक्षा घेणे हे तिच्यातले मुख्य. चोर गवत नेतो तो रात्री, आणि सत्याग्रही नेतो तो दिवसाढवळ्या, सांगून-सवरून.

आता कोणी चतुर माणूस म्हणेल, हे ठीक आहे हो, पण उद्या प्रत्येकाने "माझा जन्माचा हक्क" म्हणून कुऱ्हाड उचलली, तर जंगल उरेल काय? शंका रास्त आहे, आणि ती झटकून टाकू नये. इंग्लंडच्या बेंथम नावाच्या विचारवंताने तर जन्मसिद्ध हक्कांची कल्पना निव्वळ बडबड म्हणून उडवून लावली होती. कायद्यावाचून हक्क नाही, असे तो म्हणे. त्याचे अर्धे खरे आहे. हक्काला राखण लागते, मर्यादा लागते, आणि ते काम राज्याचेच आहे. शेजाऱ्याची गुरे माझ्या तुरीत शिरली तर मी दाद कोठे मागणार? राज्यच नसेल तर बळी तो कान पिळी. पण राखणदार लागतो म्हणून शेत राखणदाराचे होत नाही. मर्यादा सर्वांना सारखी असावी, कारण सांगून घातलेली असावी, आणि ती चुकीची वाटली तर दाद मागायला जागा असावी. १९३० साली यांतले काहीच नव्हते. गवत राखायचे ते गावासाठी नव्हते, आणि गावाला विचारूनही नव्हते.

दुसरीही एक गोष्ट विसरू नये. माणसाचा हक्क केवळ सरकारच हिरावते असे नाही. शेजारीही हिरावतो. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे १९२४ साली जाहीरही केले होते. कागदावर परवानगी होती, पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच भरलेल्या परिषदेत त्यांनी माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा पुढे ठेवला आणि त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ज्या पाण्यावर गुराढोरांना बंदी नव्हती, त्या पाण्यासाठी माणसांना दहा वर्षे लागली!

आणि जन्म हाच गुन्हा ठरवला जातो तेव्हा काय? १८७१ साली सुरू झालेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या कायद्याने कित्येक जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. पाळण्यातले मूलही त्या नोंदीतून सुटले नाही. १९५२ साली तो कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. मानोरा तालुक्यात संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवीला देशभरचा बंजारा समाज येतो. तो समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. जन्माने हक्क येतो, या विचाराच्या अगदी उलट टोक म्हणजे जन्माने कलंक येतो हा विचार. दोन्ही कल्पना एकाच देशात शेजारी नांदत होत्या, हे मुलांना सांगायला हवे.

या साऱ्या अनुभवाचे सार २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत उतरले. मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द समजावा, असे तेराव्या कलमात आहे. हक्कावर घाला आला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल, असे बत्तिसाव्या कलमात आहे. बाबासाहेबांनी या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले. त्याच सुमारास, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' असे करवून घेणाऱ्या बाई आपल्या हंसा मेहता होत्या.

येथे गोष्ट सुखाने संपली असती, पण इतिहास असा संपत नाही. १९७५ च्या जूनमध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात गेली. न्यायालयात जाऊन दाद मागण्याचा हक्कच राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला होता. अनेक उच्च न्यायालयांनी तरीही कैद्यांचे म्हणणे ऐकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले, एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणूस मारला तर काय? सरकारचे वकील, देशाचे महान्यायवादी, यांना कबूल करावे लागले की आणीबाणी आहे तोवर इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले. घटनेत एकविसावे कलम नसते तरी कायद्याच्या आधारावाचून कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याची सत्ता राज्याला मिळाली नसती, असे त्यांनी लिहिले. त्याची किंमतही त्यांनी दिली. ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले गेले.

पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले, की आणीबाणीतही जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयाचे दार बंद करता येणार नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. जीवित आणि स्वातंत्र्य ही राज्याची देणगी नव्हे, ती माणसाबरोबरच आली आहेत, हे तेथे स्वच्छ म्हटले गेले. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते आणि २०१७ चा मुख्य निकाल लिहिणारे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. पुण्याच्या एकाच घरातल्या दोन पिढ्यांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली.

आणि गवताचे काय झाले? २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या नावातच 'मान्यता' हा शब्द आहे. हक्क देतो असे तो म्हणत नाही. होते ते मानतो, असे म्हणतो. वननिवासींवर इतिहासात अन्याय झाला, असेही त्याने प्रास्ताविकातच कबूल केले. चराईचा हक्क, वनोपजाचा हक्क आणि ग्रामसभेचा अधिकार त्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. बेडन-पॉवेलच्या 'सवलती'ला हे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. अर्थात मान्यतेचा कायदा झाला म्हणजे प्रत्येक गावाला मान्यता मिळाली, असे कोणी समजू नये. अर्ज करावा लागतो, पुरावा जोडावा लागतो, ग्रामसभेला नेटाने पाठपुरावा करावा लागतो.

तेव्हा वाचकहो, यातून घ्यायचे ते एवढेच. तुमच्या गावचे गायरान, ज्याला आपण ई-क्लास म्हणतो, पाणवठा, पांदण, मतदार यादी, शाळेचा दाखला, यांपैकी कशासंबंधी कचेरीत जाल तेव्हा "साहेब, मेहरबानी करा" असे म्हणू नका. उद्धटपणाही नको. "आमचे आहे, नोंद करून द्या" असे म्हणा. आणि घरी परतल्यावर हेही पाहा, की आपल्या गावात आपणच कोणाचा हक्क सवलत म्हणून तर मोजत नाही ना. शिक्षकांनी एखाद्या तासाला मुलांकडून दोन रकाने करून घ्यावेत, एकात कोणी दिलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात जन्माने आलेल्या. कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात बसते यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.